टेबल एक, कॉम्प्युटर दोन, मग वायरी रोज किती वेळा काढायच्या?

गेल्या दोन महिन्यांत एकाच गोष्टीवर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. घरात ऑफिसचा लॅपटॉप, शेजारी स्वतःचा कॉम्प्युटर, स्क्रीन मोठ्या हौसेने घेतलेल्या, आणि रोज सकाळ-संध्याकाळ टेबलाखाली वाकून वायरी काढा आणि घाला. पहिलं पत्र जरा मोठं आहे पण जवळपास सगळ्यांचा प्रश्न त्यातच येतोय, म्हणून तेवढंच सविस्तर घेतो.

प्रश्न (कोथरूडहून एक वाचक ताई): दादा, मी हिंजवडीला एका कंपनीत आहे, तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घरून काम. संध्याकाळी मी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची पानं लावायचं काम करते, ते माझ्या डेस्कटॉपवर. टेबलावर २७ इंची दोन मॉनिटर आहेत, दोन्ही २५६० बाय १४४० चे. कीबोर्ड, माउस, वेबकॅम, हेडफोन, स्पीकर, प्रिंटर हे सगळं एकेकच आहे. घरून कामाच्या दिवशी सकाळी सगळं डेस्कटॉपमधून काढून लॅपटॉपला लावायचं आणि सात वाजता परत उलटं, त्यात आता लॅपटॉपची एचडीएमआयची खोबण सैल झालीये, वायर जरा हलली की स्क्रीन काळी. दुकानात विचारलं तर दोन मॉनिटरचा केव्हीएम स्विच, म्हणजे कीबोर्ड, माउस आणि स्क्रीन एका बटणावर दोन कॉम्प्युटरमधे फिरवणारी डबी, अठरा हजार म्हणाले, ऑनलाइन तसाच दिसणारा साडेतीन हजारात आहे. कुठला घेऊ?

उत्तर: ताई, दोन्ही नका घेऊ, निदान आत्ता तरी. आधी एक काम करा, मोबाइलची बॅटरी लावा आणि तुमच्या मॉनिटरच्या मागच्या बाजूला खालून बघा. तिथे बहुतेक एक एचडीएमआयची खाच असेल, शेजारी एक डिस्प्लेपोर्टची असेल म्हणजे जिचा एक कोपरा कापल्यासारखा असतो ती, आणि नशीब चांगलं असेल तर अजून एखादी. आपण सगळे त्यातली एकच वापरतो आणि बाकीच्या धूळ खात पडतात. मॉनिटरला एकाच वेळी दोन कॉम्प्युटर कायमचे जोडून ठेवता येतात, कुठल्याचं चित्र दाखवायचं ते मॉनिटरवरच निवडता येतं, त्याच्यासाठी मधे कुठलीही डबी लागत नाही.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की चित्राचा रस्ता वेगळा ठेवा आणि कीबोर्ड-माउसचा वेगळा. आपण दोन्ही एका डबीतून न्यायला जातो आणि तिथेच पैसे आणि डोकं दोन्ही जातं. चित्राला वेग लागतो, प्रचंड लागतो, आणि तो सांभाळणारी डबी महागच असणार. कीबोर्ड-माउसला काहीच लागत नाही, त्यांना साधा यूएसबी स्विच पुरतो, ज्याला दोन कॉम्प्युटरच्या दोन वायरी जातात, तीन-चार यूएसबीच्या खाचा असतात आणि वर एक बटण. बटण दाबलं की सगळं इकडचं तिकडे. केव्हीएमच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.

आता तुमच्याकडे काय करायचं ते सांगतो. डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डवर बहुधा दोन-तीन डिस्प्लेपोर्ट असतील, तिथून दोन वायरी दोन मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला, त्या कायमच्या. लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून एक वायर डाव्या मॉनिटरच्या एचडीएमआयला. उजव्यासाठी लॅपटॉपच्या यूएसबी-सी खाचेतून एचडीएमआयला जाणारी वायर मिळते ती घ्या, पण त्याआधी त्या खाचेशेजारी कुठलं चिन्ह आहे ते बघा, कारण प्रत्येक यूएसबी-सी मधून चित्र बाहेर येतंच असं नाही. इंग्रजी डी आणि पी एकात एक असल्यासारखं चिन्ह किंवा विजेच्या बाणाचं थंडरबोल्टचं चिन्ह असेल तर येतं. चिन्हच नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलचं माहितीपत्रक बघा, अंदाजाने वायर आणू नका. आणि ही सैल झालेली खोबण एकदा दुरुस्त करून घ्या, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्यांच्याकडूनच, मग परत तिथे वायर काढू-घालू नका म्हणजे टिकेल.

वायर घेताना अजून एक, या अशा वायरी बहुतेक एकाच दिशेने चालतात. कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय अशी वायर मिळते, पण तीच उलटी लावली, म्हणजे कॉम्प्युटरच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला, तर स्क्रीन काळीच राहते आणि माणूस दोन दिवस मॉनिटर बिघडला म्हणून फिरतो. तपकीर गल्लीत वायर घ्यायला गेलात तर दुकानदाराला "कॉम्प्युटरकडून हे, मॉनिटरकडे ते" असं बोट दाखवून सांगा, नुसतं नाव सांगू नका.

हे झालं की राहतं ते स्क्रीन बदलणं. मॉनिटरच्या खालचं बटण दाबून मेनू उघडायचा, इनपुटवर जायचं, निवडायचं, आणि हे दोन्ही मॉनिटरला, म्हणजे दिवसातून दोनदा आठ-दहा बटणं. बऱ्याच जणांना तेवढं चालतं. नाही चालत त्यांच्यासाठी एक फार छान सोय आहे जी बहुतेकांना माहीतच नसते. चित्राच्या त्याच वायरीतून कॉम्प्युटर मॉनिटरला हुकूम पण देऊ शकतो, उजेड कमी कर, दुसऱ्या इनपुटवर जा वगैरे. डीडीसी-सीआय म्हणतात याला, १९९८ पासूनची पद्धत आहे आणि आजच्या बहुतेक मॉनिटरमधे असते, फक्त मॉनिटरच्या मेनूत जाऊन ती चालू आहे ना बघायचं. विंडोजवर कंट्रोल माय मॉनिटर नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघडलं की एक लांब यादी येते, त्यात ६० नंबरची ओळ म्हणजे इनपुट. बऱ्याच मॉनिटरवर १५ म्हणजे पहिला डिस्प्लेपोर्ट आणि १७ म्हणजे पहिला एचडीएमआय, पण काही कंपन्या आपले वेगळेच आकडे ठेवतात, म्हणून आधी मॉनिटरच्या बटणाने एकेका इनपुटवर जाऊन तिथे कुठला आकडा दिसतो तो कागदावर लिहून घ्या आणि मग त्याचे दोन शॉर्टकट बनवून डेस्कटॉपवर ठेवा. लिनक्सवाल्यांना हेच काम डीडीसीयूटिल करतं, मॅकवर बेटरडिस्प्ले.

तुमच्या बाबतीत एक अडचण येईल ती आधीच सांगून ठेवतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर तुम्हाला काही टाकता येणार नाही, आणि टाकायचा प्रयत्नही करू नका. मग जाताना डेस्कटॉपवरून हुकूम देऊन स्क्रीन लॅपटॉपकडे पाठवाल, पण परत कशी आणायची? काही मॉनिटर दुसरं इनपुट चालू असतानाही बंद इनपुटवरून आलेला हुकूम ऐकतात, काही ऐकत नाहीत. करून बघा. ऐकत नसेल तर मॉनिटरच्या मेनूत ऑटो इनपुट चालू ठेवा, म्हणजे संध्याकाळी लॅपटॉप झोपवला की मॉनिटर आपणहून डेस्कटॉपचं चित्र शोधून तिकडे जातो. मात्र हाच ऑटो काही जणांना छळतो, मधेच चहाला उठलं, लॅपटॉप झोपला, की स्क्रीन उडी मारून दुसरीकडे. तसं झालं तर तो बंद करा आणि परत येताना बटणं दाबा, त्याला इलाज नाही.

या पद्धतीचा मला सगळ्यात आवडणारा फायदा म्हणजे एक स्क्रीन इकडे आणि एक तिकडे असं ठेवता येतं. डाव्या स्क्रीनवर ऑफिसची मीटिंग चाललीये आणि उजवीवर तुमच्या डेस्कटॉपवरची एखादी मोठी फाइल उघडतीये, हे दोन मॉनिटर एकत्र फिरवणाऱ्या केव्हीएमवर बहुतेक वेळा जमतच नाही.

आता त्या साडेतीन हजारवाल्याबद्दल, कारण अशीच एक बिननावाची डबी मी पण आणली होती. पहिली गोष्ट, दोन मॉनिटरच्या केव्हीएमला प्रत्येक कॉम्प्युटरमधून दोन-दोन चित्राच्या वायरी लागतात, म्हणजे चार आत आणि दोन बाहेर, आणि लॅपटॉपमधून चित्राची एकच वायर निघत असेल तर डबी कितीही चांगली असो, दुसरी स्क्रीन लागणार नाही. हे खोक्यावर कुठेतरी बारीक लिहिलेलं असतं. दुसरी गोष्ट वेगाची. माझी डबी आतून जुन्या एचडीएमआय १.४ ची निघाली, ती ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच दाखवू शकते, त्यामुळे माउस हलवला की बाण मागून घसटत आल्यासारखा वाटायचा आणि तासाभरात डोळे दुखायला लागायचे. ४के ला ६० हवं असेल तर एचडीएमआय २.० लागतं, ते २०१३ मधे आलं आणि त्याचा वेग सेकंदाला १८ गिगाबिट आहे. तुमच्या १४४० च्या मॉनिटरला ६० पर्यंत १.४ सुद्धा पुरेल, पण पुढे ४के घ्याल तेव्हा ही डबी अडगळीत जाईल.

तिसरी गोष्ट सगळ्यात त्रासाची. प्रत्येक मॉनिटरकडे स्वतःचं एक ओळखपत्र असतं, त्याला ईडीआयडी म्हणतात, त्यात मी कोण, किती मोठा, कुठलं रिझोल्यूशन चालतं हे सगळं असतं आणि कॉम्प्युटर ते वाचूनच चित्र पाठवतो. स्वस्तातली डबी बटण दाबताक्षणी एका कॉम्प्युटरपासून मॉनिटर पूर्ण तोडून टाकते, मग त्या कॉम्प्युटरला वाटतं मॉनिटर गेला, आणि तो उघडलेल्या सगळ्या खिडक्या गोळा करून उरलेल्या स्क्रीनवर कोंबतो. चांगल्या केव्हीएममधे हे ओळखपत्र डबी स्वतःच धरून ठेवते, म्हणून तो महाग. ज्यांना दिवसातून वीस-तीस वेळा इकडून तिकडे जायचंय त्यांनी तो महाग घ्यावाच, मी अडवणार नाही. दिवसातून दोनदा बदलणाऱ्याला त्याची गरज नाही.

खिडक्या उडायचा प्रकार थेट वायरींनीही कधी कधी होतो, विशेषतः डिस्प्लेपोर्टवर, कारण काही मॉनिटर इनपुट बदललं की तिकडची वायर काढल्यासारखंच वागतात. विंडोज ११ मधे सेटिंग, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग मल्टिपल डिस्प्ले इथे खिडक्यांची जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा. आणि एखादी खिडकी न दिसणाऱ्या स्क्रीनवर अडकली तर विंडोज, शिफ्ट आणि बाणाचं बटण एकदम दाबा, ती उडी मारून समोर येते.

यूएसबी स्विचला काय लावायचं हे पण ऐका. कीबोर्ड, माउस, वेबकॅम, हेडफोनचा डाँगल (वायरलेससाठी यूएसबीत खोचायचा तो छोटा तुकडा), बस. बाहेरची हार्ड डिस्क चुकूनही लावू नका, बटण दाबणं म्हणजे चालू हार्ड डिस्कची वायर ओढून काढणं, आणि तुमच्या लावलेल्या पानांची फाइल नेमकी त्याच क्षणी सेव्ह होत असेल तर गेली. प्रिंटर वायफायवर टाका. वेबकॅम मधेमधे गोठत असेल तर स्विचला वीज कमी पडतीये, यूएसबी २.० च्या एका खाचेतून ५०० मिलिअँपिअर आणि ३.० मधून ९०० एवढीच मिळते आणि ती सगळ्यांत वाटली जाते, म्हणून ज्याला वेगळा अडॅप्टर लावता येतो असा स्विच बघा. आणि वायरलेस माउस अडखळायला लागला तर लगेच नवीन घेऊ नका. यूएसबी ३.० च्या निळ्या खाचेजवळ २.४ गिगाहर्ट्झचा डाँगल लावला तर सिग्नलमधे गोंधळ होतो हे इंटेलने २०१२ मधेच सांगून ठेवलंय, एक हातभर यूएसबी एक्स्टेंशन घेऊन डाँगल कीबोर्डच्या जवळ आणून ठेवा, माझ्या टेबलावर तेवढ्याने काम झालं.

स्पीकरचं तर अजून सोपं. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्हीतून चित्राबरोबर आवाजही येतो, बऱ्याच मॉनिटरच्या मागे हेडफोनची छोटी गोल खाच असते, स्पीकर तिथे लावा. स्क्रीन ज्याची, आवाज त्याचा, वेगळं काही बदलायलाच नको.

प्रश्न (औंधहून एक वाचक): दादा, माझा ऑफिसचा विंडोज लॅपटॉप आणि बायकोचं ॲपलच्या एम१ चिपवालं मॅकबुक एअर, दोघांत एक टेबल आणि एक यूएसबी-सी डॉक (लॅपटॉपला एकाच वायरीने सगळं जोडणारी डबी), त्याला दोन मॉनिटर. माझ्याकडे दोन्ही स्क्रीन मस्त वेगळ्या चालतात, तिने वायर लावली की दोन्हींवर एकच चित्र. डॉक खराब आहे का?

उत्तर: डॉक चांगला आहे, वहिनींचं मॅक पण चांगलं आहे. तुमचा डॉक एकाच वायरीतून दोन चित्रं पाठवायला एमएसटी नावाची पद्धत वापरत असणार, ती विंडोजला येते, मॅकला दोन वेगळ्या स्क्रीनसाठी येत नाही, म्हणून ते दोन्हीकडे तेच दाखवतं. आणि एम१, एम२ ची मॅकबुक एअर मुळातच बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात. एम३ च्या एअरला दोन चालतात पण झाकण बंद ठेवून, एम४ पासून झाकण उघडं ठेवूनही. त्यामुळे कुठलाही साधा डॉक किंवा केव्हीएम आणलात तरी त्यांच्या मॅकवर हे बदलणार नाही, दुकानदार काहीही म्हणो.

दोन स्क्रीन हव्याच असतील तर नेहमीची वाट म्हणजे डिस्प्लेलिंकवाला डॉक किंवा अडॅप्टर. तो चित्र दाबून लहान करून साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो, म्हणून मॅकची ती मर्यादा त्याला लागत नाही. त्यासाठी मॅकवर एक ड्रायव्हर टाकावा लागतो आणि स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, ते बघून घाबरू नका, चित्र उचलायला त्याला ती लागतेच. ओटीटीवरचे सिनेमे मात्र त्या वेळी काळे दिसू शकतात. वहिनींचं काम एक्सेल, मेल, कोड असं असेल तर बिनधास्त घ्या. व्हिडिओ एडिटिंग किंवा फोटोच्या रंगाचं काम असेल तर मी घेऊ म्हणणार नाही, त्यांच्यासाठी एकच मॉनिटर थेट वायरीने लावा, दुसरी स्क्रीन मॅकची स्वतःची, आणि कामाला खरा रंग मिळेल.

आणि तुमच्यासारखे दोन लॅपटॉपवाले जेव्हा आळीपाळीने बसतात तेव्हा वेगळा स्विच घ्यायची गरजच नसते. डॉकची एक वायर टेबलाच्या कडेला क्लिपने अडकवून ठेवायची, जो बसेल त्याने ती लावायची. फक्त डॉक किती वॉटचं चार्जिंग देतो ते बघा, तुमच्या लॅपटॉपचा चार्जर त्यापेक्षा मोठा असेल तर भरपूर कामात बॅटरी हळूहळू उतरत जाईल.

प्रश्न (सिंहगड रोडहून एक वाचक): माझ्या टेबलावर दोन कॉम्प्युटर आणि दोन्हींना आपापली स्क्रीन आहे, दोन्ही दिवसभर चालू. मला फक्त एक कीबोर्ड-माउस दोन्हीकडे हवाय आणि इकडचं कॉपी तिकडे पेस्ट करता यायला हवं.

उत्तर: मग एक पैसा खर्च नको. दोन्हींवर विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या फुकट सॉफ्टवेअरमधे माउस विदाउट बॉर्डर्स आहे, चार कॉम्प्युटरपर्यंत चालतं, बाण एका स्क्रीनच्या कडेवरून पुढे ढकलला की शेजारच्या कॉम्प्युटरवर जातो आणि कॉपी-पेस्टही होतं. एकीकडे लिनक्स किंवा मॅक असेल तर डेस्कफ्लो किंवा इनपुट लीप बघा, दोन्ही फुकट. दोन्ही मॅक असतील तर युनिव्हर्सल कंट्रोल आतच आहे. दोन्ही कॉम्प्युटर एकाच वायफायवर किंवा राउटरवर हवेत, आणि त्यातल्या एकावर ऑफिसचं व्हीपीएन लागलं की हे बहुतेक वेळा तुटतं. कंपनीचा लॅपटॉप असेल तर आधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा, कारण तुम्ही टाइप करता तो पासवर्डसुद्धा यातूनच जाणार आहे. नाही म्हणाले तर तीन उपकरणांशी जोडता येणारा ब्लूटूथ कीबोर्ड आणि तसाच माउस घ्या, लॉजिटेकचा के३८० त्यातलाच, वरच्या एक-दोन-तीन बटणांनी बदलतो. त्यात कॉपी-पेस्ट मात्र नाही.

प्रश्न (सदाशिव पेठेतून एक वाचक काका): तुमच्यासारखंच दोन कॉम्प्युटर एका मॉनिटरला जोडले, तेव्हापासून स्पीकरमधून सतत घुंऽऽ आवाज येतो, आणि लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. घर जुनं आहे. वायरी बदलू का?

उत्तर: काका, वायरी नंतर, आधी वीज. दोन कॉम्प्युटर दोन वेगळ्या बोर्डांवर असले आणि मधे मॉनिटरच्या वायरीने जोडले गेले की दोघांच्या अर्थिंगमधला फरक त्या वायरीतून वाहायला लागतो, तोच तुम्हाला स्पीकरमधून ऐकू येतो. दोन्ही कॉम्प्युटर, मॉनिटर आणि स्पीकर, सगळं एकाच तीन पिनच्या एक्स्टेंशन बोर्डवर आणा, बऱ्याचदा तेवढ्यानेच आवाज थांबतो.

झिणझिण्यांचं मात्र हलक्यात घेऊ नका. जुन्या घरांत भिंतीवर तीन भोकांचं सॉकेट दिसतं पण मागे तिसरी वायरच नसते, किंवा असते आणि कुठेच पोचत नाही. दोन पिनचा चार्जर असेल तर थोडं जाणवू शकतं, पण तुम्ही म्हणता तसं रोज येत असेल तर या आठवड्यातच ओळखीच्या वायरमनला बोलवा आणि त्याला टेस्टर नाही, मीटर लावून अर्थिंग तपासायला सांगा, फेज आणि अर्थमधे जवळपास २३० व्होल्ट आणि न्यूट्रल आणि अर्थमधे अगदी थोडे यायला हवेत. आवाज जातो म्हणून कुणी तिसरी पिन कापायला सांगितली तर अजिबात ऐकू नका. तोपर्यंत दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांपासून सोडवून ठेवा आणि पायात चप्पल घालून बसा.